इटलीतल्या युद्धभूमी, दफनभूमी आणि युद्धसंग्रहालयं: भारतीय प्रवाशांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोम, फ्लॉरेन्स, व्हेनिस अशी ठरलेली सहल करतानाच दोन-तीन दिवस काढून दुसऱ्या महायुद्धातल्या जागा पाहायच्या, असं ठरवणाऱ्यांसाठी हे पान आहे. घरातलं कुणी त्या युद्धात होतं आणि त्यांचा माग काढायचा आहे, त्यांनाही ते उपयोगी पडेल.

इटलीत भारतीय सैनिक लढले होते का? आणि मराठे?

हो. १९४३ ते १९४५ या काळात चौथी, आठवी आणि दहावी अशा तीन भारतीय डिव्हिजन (हजारो सैनिकांच्या मोठ्या तुकड्या) इटलीत होत्या. सुमारे ५०,००० भारतीय सैनिक तिथे लढले आणि ५,७८२ जण परतले नाहीत. ‘फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री’ या तेव्हाच्या रेजिमेंटची पहिली पलटण आठव्या डिव्हिजनमध्ये होती, तिसरी पलटण दहाव्या डिव्हिजनमध्ये. इटलीत भारतीय सैनिकांना सहा व्हिक्टोरिया क्रॉस (ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक) मिळाले. त्यांतले दोन मराठा रेजिमेंटचे: नाईक यशवंत घाडगे (मरणोत्तर) आणि शिपाई नामदेव जाधव.

जुन्या कागदांत ‘१/५’ किंवा ‘३/५’ असं लिहिलेलं असतं. वरचा आकडा पलटणीचा, खालचा रेजिमेंटचा. एवढं कळलं तरी निम्मं काम होतं, कारण १/५ आणि ३/५ यांचे इटलीतले मार्ग वेगळे आहेत.

आजोबा (किंवा पणजोबा) इटलीत होते असं घरात सांगतात. खात्री कशी करायची?

आधी घरातली ट्रंक उघडा. लाल-पांढरा-हिरवा-पांढरा-लाल अशा पट्ट्यांची फीत असलेला सहा टोकांचा ब्राँझचा तारा सापडला, तर तो ‘इटली स्टार’. मात्र हा तारा फक्त इटलीसाठी नव्हता. त्याच काळात ग्रीस, युगोस्लाव्हिया आणि एजियन समुद्रातल्या बेटांवर लढलेल्यांनाही तो मिळाला, त्यामुळे एकट्या ताऱ्यावर विमानाचं तिकीट काढू नका. पदकावर नाव आणि सेवा क्रमांक कोरलेला आहे का ते भिंगाने पाहा. पेन्शनचं पुस्तक, डिस्चार्जचा दाखला, गावच्या स्मृतिस्तंभावरची ओळ, यांतून जे मिळेल ते एका कागदावर उतरवून घ्या. सेवा क्रमांक सगळ्यांत महत्त्वाचा, कारण एका पलटणीत ‘शिंदे’ आणि ‘पवार’ पुष्कळ असत, क्रमांक मात्र एकाचाच. रेजिमेंटचं केंद्र आजही बेळगावला आहे. पत्रव्यवहार करताना हा क्रमांक पहिल्या ओळीत द्या.

युद्धात मरण पावलेल्या सैनिकाचं नाव कसं शोधायचं?

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर. पुढे आम्ही त्याला नुसतं ‘कमिशन’ म्हणू. शोध फुकट आहे. दुसऱ्या महायुद्धासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातले मृत्यू तिथे नोंदलेले आहेत. जे जिवंत परतले त्यांची नावं तिथे नसतात. नामदेव जाधव युद्धानंतर अनेक वर्षं जगले, म्हणून ते या यादीत सापडणार नाहीत. “नाव नाही म्हणजे ते सैन्यातच नव्हते” हा निष्कर्ष इथे चुकतो.

शोधताना लोक सगळ्यांत जास्त अडतात ते नावाच्या स्पेलिंगपाशी. इंग्रज कारकुनाने कानावर पडलं तसं लिहिलं. त्यामुळे हा क्रम धरा:

१. आधी नाव टाकूच नका. युद्ध: दुसरं महायुद्ध. सैन्य: भारतीय. देश: इटली. रेजिमेंटच्या जागी जुन्या वळणाने ‘Mahratta’, म्हणजे ‘मराठा’ या शब्दात एच आणि दोन टी असलेलं स्पेलिंग. आजचं स्पेलिंग टाकलं तर यादी रिकामी येऊ शकते.

२. आलेली यादी डोळ्यांखालून घाला. ‘जाधव’च्या शेवटी व्ही, डब्ल्यू किंवा ओ असू शकतो, ‘घाडगे’मधला एच गळालेला असू शकतो. काही ठिकाणी वडिलांचं नाव आडनावाच्या जागी गेलेलं असतं, काही ठिकाणी आडनावच नसतं.

३. नोंद उघडून ‘अधिक माहिती’ वाचा. तिथे बऱ्याचदा वडिलांचं, पत्नीचं आणि गावाचं नाव असतं. जिल्हे जुने आहेत हे लक्षात ठेवा. रायगड तिथे कुलाबा आहे, सिंधुदुर्ग रत्नागिरीत आहे, आणि कोल्हापूर, सावंतवाडी ही संस्थानं आहेत.

४. शेवटी दफनभूमीचं किंवा स्मारकाचं नाव आणि त्यापुढचा क्रमांक जसाच्या तसा उतरवा. कबर असेल तर रोमन आकडा, अक्षर आणि साधा आकडा असे तीन भाग दिसतात: विभाग, रांग, कबर. स्मारकावरचं नाव असेल तर फक्त पॅनेलचा क्रमांक असतो. पानाचा स्क्रीनशॉट फोनमध्ये ठेवा, डोंगराळ भागात नेट दगा देतं.

पुण्याजवळ राहत असाल तर निघण्यापूर्वी एकदा खडकीच्या युद्ध दफनभूमीत तासभर फिरून या. मांडणी याच कमिशनची, याच पद्धतीची. नोंदवही कुठे असते, विभाग आणि रांग कशी मोजायची, हे तिथे डोळ्यांत बसलं की इटलीत वेळ जात नाही.

नाव सापडलं, पण “कबर नाही” असं दिसतं. असं का?

दोन कारणं असतात. पहिलं म्हणजे हिंदू आणि शीख सैनिकांचं बहुधा दहन होई. त्यांच्यासाठी दफनभूमीच्या आवारातच वेगळं दहन-स्मारक उभारलेलं असतं आणि नाव त्यावर कोरलेलं असतं. दुसरं, देह सापडला नाही किंवा त्याची ओळख पटली नाही. अशा ४,००० हून अधिक कॉमनवेल्थ सैनिकांची नावं रोमच्या आग्नेयेला, कॅसिनो गावातल्या ‘कॅसिनो स्मारका’वर एकत्र आहेत.

लोक फसतात ते इथेच. कॅसिनो स्मारकावर नाव आहे म्हणजे तो सैनिक कॅसिनोत पडला असं नाही. सिसिलीपासून उत्तरेच्या डोंगरांपर्यंत कुठेही बेपत्ता झालेल्याचं नाव तिथे असू शकतं. यशवंत घाडगे यांचंही नाव त्याच स्मारकावर आहे, पण ते पडले मध्य इटलीतल्या उंब्रियात, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात. म्हणजे एकाच माणसासाठी जागा दोन होतात: नाव कोरलेली, आणि जिथे तो पडला ती. घटना दाखवणारं संग्रहालय असलं तर ते तिसऱ्याच गावात. सहल आखताना या जागा नकाशावर वेगवेगळ्या रंगांनी खुणावून घ्या, मग वेळ कुठे द्यायचा ते आपोआप दिसतं.

एकच दिवस आहे. कुठे जावं?

कॅसिनो. रोमहून गाडीशिवाय, एका दिवसात, दगदग न करता होण्यासारखी जागा हीच.

रोमा टर्मिनीहून कॅसिनोला थेट रीजनल गाड्या आहेत. गाडीप्रमाणे दीड ते दोन तास लागतात. रीजनलचं भाडं ठरलेलं असतं, महिनाभर आधी काढून ते स्वस्त होत नाही. कागदी तिकीट घेतलं तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवायचा. ॲपवर घेतलं तर चेक-इन करायचं. हे विसरलात तर तिकीट खिशात असूनही दंड होतो, आणि “आम्ही पर्यटक आहोत” हे कारण चालत नाही.

कॅसिनोत कोणत्या क्रमाने फिरायचं?

आधी वर, मग खाली.

जुनं कॅसिनो १९४४ मध्ये पार जमीनदोस्त झालं. आजचं गाव सगळं नंतरचं आहे, त्यामुळे रस्त्यांत जुनं काही शोधत बसू नका. स्टेशनवरून मठाकडे जाणाऱ्या बस दिवसाला मोजक्याच. पोचल्याबरोबर परतीची वेळ पाहून ठेवा, नाहीतर टॅक्सी करा. वळणावळणाचा सुमारे नऊ किलोमीटरचा घाट आहे. मळमळणाऱ्यांनी पुढे बसावं.

वर मोंते कॅसिनोचा मठ. १५ फेब्रुवारी १९४४ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी तो उद्ध्वस्त केला. आज दिसतो तो युद्धानंतर पुन्हा बांधलेला. अंगणाच्या कठड्याशी उभं राहून खाली पाहिलं की १९४४ मध्ये या जागेसाठी चार लढाया का झाल्या हे पुस्तक न वाचता समजतं. रोमकडे जाणारा रस्ता आणि नद्यांचं खोरं इथून तळहातावर असल्यासारखं दिसतं. वरच्या माणसाला खालचा प्रत्येक ट्रक दिसत होता. मठ हे चालू देवस्थान आहे: खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत, आवाज हळू. दुपारी बंद राहण्याच्या वेळा मोसमानुसार बदलतात, आदल्या दिवशी तपासा.

मठापासून वीसेक मिनिटांवर पोलिश दफनभूमी आहे. १८ मे १९४४ रोजी मठाचे अवशेष पोलिश सैन्याने ताब्यात घेतले. त्यांचे सेनापती जनरल आंदेर्स १९७० मध्ये वारले, त्यांनाही आपल्या सैनिकांसोबत इथेच पुरलं आहे.

खाली उतरून जेवण, आणि दुपारनंतर कॉमनवेल्थ युद्ध दफनभूमी. स्टेशनपासून चालत पंधरा-वीस मिनिटं. इथे ४,२७१ कबरी आहेत आणि त्यांतल्या २८९ जणांची नावं आजही माहीत नाहीत. कॅसिनो स्मारक याच आवारात आहे: बागेत उथळ पाण्याचे हौद, आणि त्यांच्या कडेला उभ्या संगमरवरी शिळांवर नावं. प्रवेशाजवळच्या भिंतीतल्या छोट्या कप्प्यात नोंदवही आणि नकाशा असतो. कप्प्याचं दार घट्ट बसतं, ते कुलूप समजून परत फिरू नका, जरा जोर लावून ओढा. नोंदवही वाचून झाली की परत तिथेच ठेवा आणि अभिप्रायाच्या वहीत मराठीत लिहा.

‘हिस्टोरियाले’ नावाचं युद्धसंग्रहालय गावात आहे. मांडणी दृश्य-ध्वनीच्या अंगाने जाते, वस्तू जपून मांडलेलं जुन्या पद्धतीचं संग्रहालय नव्हे. वेळ उरला तर पाहा, त्यासाठी दफनभूमी घाईत उरकू नका.

भारतीय डिव्हिजन नेमक्या कुठे लढल्या, ती जागा दिसते का?

दिसते, पण पाटी लावून कुणी दाखवत नाही. चौथी डिव्हिजन फेब्रुवारी-मार्चमध्ये मठामागच्या उंचवट्यांवर होती. त्या वेळी भारतीय आणि न्यूझीलंडच्या इंजिनिअर तुकड्यांनी बकऱ्यांच्या वाटेचा रणगाडा जाईल असा रस्ता केला, तोच ‘कॅव्हेंडिश रोड’. कैरा गावाच्या बाजूने अल्बानेताच्या पडक्या शेतघराकडे तो चढतो. तिथे जळालेल्या पोलिश रणगाड्याचं स्मारक आहे. वाट खडीची आहे, सावली कमी. अल्बानेताचा परिसर खासगी जमिनीत आहे: फाटक बंद असेल तर उडी मारू नका, विचारा. घोट्यापर्यंतचे बूट आणि माणशी दीड-दोन लिटर पाणी एवढं पुरतं.

मे महिन्यात आठवी डिव्हिजन गावाच्या दक्षिणेला गारी नदी ओलांडत होती. अमेरिकन कागदपत्रांत हीच ‘रॅपिडो’. नदी पाहून बहुतेकांचा विरस होतो: “एवढीशी?” रुंदी आठ ते पंधरा मीटर, आपल्याकडे कालवा म्हणतात तशी. पण काठ सरळ तुटलेले, खोली अडीच-तीन मीटर आणि पाणी जोराचं. लादलेला माणूस त्यात पडला तर बाहेर यायला धरायला काही नाही, आणि पलीकडून मशीनगन चालू. सांत’अँजेलो या गावाजवळ पुलावर दहा मिनिटं उभं राहून पाणी वाहताना पाहा. १२ मे १९४४ रोजी याच नदीपलीकडच्या लढाईत पंजाब रेजिमेंटचे कमल राम यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, वय १९.

यशवंत घाडगे जिथे पडले ती जागा पाहता येते का?

१० जुलै १९४४. घाडगे यांच्या सेक्शनवर, म्हणजे ते कमांडर असलेल्या छोट्या तुकडीवर, जवळून मशीनगनचा मारा झाला आणि ते सोडून सगळे सोबती मेले किंवा जखमी झाले. घाडगे एकटे धावले, हातबाँबने गन बंद पाडली, टॉमी गनने एकाला मारलं, आणि मॅगझिन बदलायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना दस्त्याने संपवलं. नंतर लपून बसलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते पडले.

जुलै २०२३ मध्ये पेरुजा प्रांतातल्या मोंतोने गावात त्यांचं स्मारक झालं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे. लॅटिन ओळीचा अर्थ: आपण सारे एकाच सूर्याखाली. सूर्यघड्याळच असल्याने ऊन असताना जावं हे उघड आहे.

मोंतोने हे टेकडीवरचं तटबंदीचं गाव, पेरुजापासून साधारण ४० किलोमीटर. ई-४५ महामार्गावरून सोपं. सार्वजनिक वाहनांवर भरवसा ठेवून एका दिवसात जाऊन येऊन करायची ही जागा नव्हे. गाडी तटाबाहेर लावा आणि चढ चालत जा. माणगावचा त्यांचा पुतळा पाहिलेल्या रायगडकरांना ही जागा जास्त बोलेल. नाव कॅसिनोला आणि स्मारक इथे, हे मात्र विसरू नका. दोन्ही करायचं तर किमान दोन दिवस हवेत.

नामदेव जाधव यांची लढाई कुठे झाली?

सेनिओ नदीवर, रावेन्नाच्या पश्चिमेला, ९ एप्रिल १९४५ रोजी. इथे डोंगर नाहीत. सपाट शेतं, आणि नदीच्या दोन्ही बाजूंना घराएवढे उंच मातीचे बांध. जर्मनांनी बांध पोखरून त्यात ठाणी केली होती. जाधव आपल्या कंपनीचे रनर, म्हणजे निरोप पोचवणारे शिपाई होते. जखमी सोबत्यांना त्यांनी पाण्यातून आणि बांधावरून अलीकडे आणलं, मग एकट्याने मशीनगनची तीन ठाणी बंद पाडली, आणि बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धगर्जना करत मागच्यांना पुढे बोलावलं.

बांधावर आजही चालता येतं. जागेला तिकीट नाही, पाटी फारशी नाही. मे २०२३ मध्ये या भागात मोठे पूर आले, त्यामुळे कुठे दुरुस्तीचं काम चालू असल्यास बांधावर चढू नये. आधी अल्फोन्सिने गावातलं सेनिओच्या लढाईचं संग्रहालय पाहा, मग बांध पाहा. उलट केलंत तर बांध हा नुसता बांधच वाटतो. अल्फोन्सिनेला रावेन्ना-फेरारा मार्गावरची गाडी जाते. छोट्या संग्रहालयांना आठवड्यात मोजकेच तास असतात, म्हणून तीन-चार दिवस आधी साध्या इटालियनमध्ये ईमेल टाकून वेळ पक्की करा.

अशा आणखी कोणत्या जागा?

पूर्व किनाऱ्याने सांग्रो नदीची दफनभूमी (२,६१७ कबरी, शिवाय ५१७ भारतीयांचं दहन-स्मारक). फोर्ली इथे खास भारतीय सैन्याची दफनभूमी आहे, ४९६ कबरी आणि जवळपास ८०० नावांचं दहन-स्मारक. रिमिनीला सान मारिनोच्या रस्त्यावर गुरखा दफनभूमी, ६१८ कबरी. टायबर खोऱ्यात पडलेल्यांसाठी आरेत्सोची दफनभूमी. फोर्ली आणि रिमिनी बोलोन्याकडच्या मुख्य रेल्वेमार्गावर आहेत, त्यामुळे सोपी. सांग्रोला गाडी हवी.

फ्लॉरेन्सला जाणारच आहोत. तिथे काही आहे?

दोन गोष्टी. शहराच्या नैर्ऋत्येला मोंतेगुफोनीचा किल्ला आहे. १९४४ च्या उन्हाळ्यात उफीत्सी संग्रहालयाची चित्रं तिथे लपवलेली होती, त्यांत बोत्तिचेल्लीचं ‘प्रिमावेरा’सुद्धा. आघाडी तिथवर आली तेव्हा या चित्रांवर पहारा बसला तो मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या जवानांचा. आज किल्ला राहण्या-जेवण्याचं ठिकाण आहे, आगाऊ विचारल्याशिवाय आत फिरता येईल असं धरू नका. ‘प्रिमावेरा’ मात्र उफीत्सीत आहेच, रांगेत उभं राहताना एवढं माहीत असलेलं बरं.

दुसरी गोष्ट युद्धाची नाही, पण कोल्हापूरकर विचारतातच. कॅशिने बागेच्या पार पश्चिम टोकाला कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज यांची छत्री आहे. इंग्लंडहून परतताना ३० नोव्हेंबर १८७० रोजी त्यांचं फ्लॉरेन्समध्ये निधन झालं आणि आर्नो-मुन्योने संगमावर दहन झालं. शेजारच्या पुलाला आजही ‘इंडियानो’ म्हणतात. बाग लांबलचक आहे, चालायची तयारी ठेवा.

गाडी भाड्याने घ्यावी का?

मोंतोने आणि सांग्रोसाठी हो, बाकीच्यांसाठी गरज नाही. भारतीय लायसन्ससोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो आपल्या आरटीओकडून निघण्यापूर्वी घ्यायचा, मुदत एक वर्ष. इटलीत पोचून तो मिळत नाही. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. ऑटोमॅटिक गाडी हवी असेल तर आधी नोंदवा. आयत्या वेळी बहुधा गिअरचीच मिळते, आणि उलट्या बाजूने चालवताना उजव्या हाताने गिअर टाकणं पहिल्या दिवशी जड जातं.

खरा खर्च पुढे येतो. जुन्या गावांच्या मध्यभागी ‘झेड-टी-एल’ म्हणजे मर्यादित वाहतुकीचा भाग असतो: लाल किनारीचा पांढरा गोल, शेजारी कॅमेरा. आत शिरलात की दंड. तो काही महिन्यांनी घरी येतो आणि पत्ता कळवल्याबद्दल भाड्याची कंपनी वेगळे पैसे कापते. नॅव्हिगेशन ॲप अनेकदा याच रस्त्याने नेतं, म्हणून हॉटेलचा नव्हे, तटाबाहेरच्या पार्किंगचा पत्ता टाका.

कधी जावं?

एप्रिलअखेर ते जूनचा मध्य, नाहीतर सप्टेंबर-ऑक्टोबर. जुलै-ऑगस्टमध्ये दफनभूमीत सावली नसते आणि पारा ३५ च्या वर जातो. १५ ऑगस्टच्या आसपास छोटी गावं बंदच असतात. सोमवारी बरीच संग्रहालयं बंद, आणि छोट्या गावांत दुपारी साडेबारा ते तीन शुकशुकाट. जेवण त्याआधी आटपा किंवा बरोबर ठेवा. १८ मेच्या आसपास कॅसिनोत पोलंडहून गर्दी होते, राहायची सोय तेव्हा लवकर करा.

हार, नारळ, उदबत्ती चालेल का?

ताजी फुलं बेशक. हार घालायचा तर शिळेच्या पायाशी ठेवा, शिळेवर अडकवू नका. हळद, कुंकू, गुलाल, तेल दगडाला लावू नका. दगड सच्छिद्र असतो, डाग आत जातो आणि नंतर कुणाला तरी तो घासून काढावा लागतो, त्यात अक्षरं झिजतात. नारळ फोडू नका, अख्खा ठेवलात तरी परत उचला. उन्हाळ्यात गवत कोरडं असतं, म्हणून निरांजन, उदबत्ती नको. गावची माती किंवा बी नेऊन टाकण्याची कल्पना बऱ्याच घरांत निघते. माती आणि बियाणं युरोपात नेण्यावर निर्बंध आहेत, सामान तपासणीत अडकाल. त्यापेक्षा मराठीत लिहिलेलं एक कार्ड प्लास्टिकशिवाय ठेवा.

हिंदू सैनिकांच्या शिळांवर देवनागरीत ‘ॐ भगवते नमः’ कोरलेलं दिसेल. शिळा सगळ्यांच्या एकाच मापाच्या, ८१ सेंटिमीटर उंच आणि ३८ रुंद. जनरल असो की शिपाई, माप बदलत नाही.

कोरलेलं नाव वाचता येत नाही, फोटोत उठत नाही.

खडू, कोळसा, पीठ, पाणी काहीही चोळू नका. समोरून फोटो काढला की अक्षरं सपाट होतात. दुसऱ्या माणसाला फोनचा टॉर्च शिळेच्या कडेला, दगडाला जवळजवळ टेकवून आडवा धरायला सांगा. तिरपा उजेड पडला की खाचांत सावली भरते आणि नाव उठतं. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन तिरपं असताना टॉर्चही लागत नाही. घरी दाखवण्यासाठी तीन फोटो पुरतात: नुसतं नाव, पूर्ण शिळा, आणि मागचा परिसर.

जर्मन दफनभूमीत जाणं योग्य आहे का?

कैराजवळ २०,०५७ जर्मन सैनिक पुरलेले आहेत. दार सगळ्यांना उघडं आहे. एका शिळेखाली दोन-तीन नावं, वयं बहुतेक विशीतली. चौथ्या लढाईपर्यंत समोर कोण होतं, हे पाहिल्याशिवाय कॅसिनो अर्धंच कळतं. वेळ असेल तर जा.

शेतात काडतूस किंवा लोखंडाचा तुकडा सापडला. आठवण म्हणून आणू का?

नाही. ऐंशी वर्षं जुना गोळाही जिवंत असू शकतो, गंजाने तो आणखी बिनभरवशाचा होतो. हात लावू नका, जागा लक्षात ठेवा, मागे फिरा आणि ११२ ला फोन करा. बाजारात विकत घेतलेलं रिकामं काडतूससुद्धा विमानतळावर काढून घेतात, आणि भारतातल्या तपासणीत ते सापडलं तर शस्त्र कायद्याखाली चौकशी मागे लागते. दुकानदाराची पावती तिथे वाचवत नाही.

मुलं आणि ज्येष्ठ बरोबर असतील तर?

कॅसिनोची दफनभूमी सपाट आहे, व्हीलचेअर गवतावर थोडी अडते एवढंच. मठात पायऱ्या बऱ्याच आहेत. कॅव्हेंडिश रोड ज्येष्ठांसाठी नाही. मुलांना आधी एक नाव आणि पॅनेल क्रमांक देऊन शोधायला लावा, म्हणजे ती कंटाळत नाहीत. संग्रहालयांत मृतदेहांची छायाचित्रं असतात, दहाखालच्या मुलांना घेऊन जाण्यापूर्वी एकाने आधी फेरी मारावी.

व्हिसासाठी वेगळं काही लागतं का?

नाही, पर्यटनाचा शेंगेन व्हिसा पुरतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. विमा किमान ३०,००० युरोचा हवा. प्रवासाच्या आराखड्यात कॅसिनो किंवा मोंतोने लिहिलंत तर त्या रात्रीचं बुकिंगही त्याच गावाचं जोडा. रोमचं बुकिंग आणि मुक्काम उंब्रियात असा विसंगत कागद दिसला की प्रश्न येतात.

कमिशनच्या नोंदीत आजोबांच्या नावात चूक आहे. दुरुस्त होते का?

होते, पण पुरावा लागतो. संकेतस्थळावर नोंदीत बदल सुचवण्याचा अर्ज आहे. सेवा क्रमांक असलेला त्या काळातला कागद, म्हणजे डिस्चार्ज, पेन्शन किंवा पदकासोबतची चिठ्ठी, स्कॅन करून जोडा. “घरात असंच म्हणतात” हे पुरेसं धरत नाहीत. मराठी किंवा मोडी कागद असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर द्या आणि मूळ कागद स्वतःकडेच ठेवा. उत्तराला महिने लागतात, म्हणून सहलीच्या तारखेशी याची सांगड घालू नका.